घरी गाडीखाली शिरण्याआधी: रॅम्प, स्टँड की लिफ्ट?

घरी ऑइल बदलायचं, ब्रेक पॅड किती उरलेत ते बघायचं, खालून येणारी खडखड शोधायची असं ठरवलं की गाडी वर कशी घ्यायची हा प्रश्न येतोच. बहुतेक जण एक जॅक आणतात आणि कामाला लागतात. मीही सुरुवातीला तेच केलं. गाडीसोबत आलेला सिझर जॅक आमच्या जुन्या घराच्या अंगणात शहाबादी फरशीवर लावला. पुढचं डावं चाक जमिनीपासून दोन बोटं वर आलं आणि फरशीतून ‘कट्’ असा आवाज आला. जॅक एका अंगाला कलला आणि गाडी त्याच्या डोक्यावरून घसरून खाली आली. चाक अजून काढलं नव्हतं म्हणून ती टायरवर बसली. मी बाजूला उकिडवा बसलो होतो. पाच मिनिटांनी मी तिच्याखाली असतो.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घट्ट बसली आहे आणि हा सगळा लेख तिच्याभोवतीच आहे. उचलणारं साधन वेगळं आणि धरून ठेवणारं साधन वेगळं. गाडी वर गेली की जॅकचं काम संपलं. त्यानंतर गाडी कशावर उभी आहे ते बघूनच खाली जायचं. पैसे खर्च करतानाही सुरुवात धरणाऱ्या साधनापासून करा.

आधी जमीन बघा

रॅम्प (चाकं वर चढवायचा उतरता ठोकळा) घ्या, स्टँड (जॅकने उचललेली गाडी धरून ठेवणारा लोखंडी टेकू) घ्या नाहीतर लाखाच्या पुढची लिफ्ट घ्या, वजन शेवटी जमिनीवरच येतं. स्विफ्टसारखी गाडी ९०० किलोच्या आसपास भरते. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असल्यामुळे त्यातला साधारण ६० टक्के भार पुढच्या चाकांवर असतो. म्हणजे पुढून उचलली की एकेका स्टँडवर पावणेतीनशे किलोच्या आसपास येतात. टायर हा भार तळहाताएवढ्या मऊ रबरावर पसरवतो. स्टँडच्या पायाची कड मात्र बोटभर रुंद, आणि तीही लोखंडाची.

हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकून बघा. भरीव ‘टक्’ आला तर खाली पक्कं आहे. पोकळ ‘डब’ आला तर खालची वाळू किंवा मुरूम बसलाय, तिथे स्टँड नको. शहाबादी असो, कोटा असो, परीक्षा हीच. पेव्हर ब्लॉक मजबूत दिसतात, पण ते वाळूवर नुसते मांडलेले असतात. एकाच ब्लॉकवर भार आला की तो खचतो आणि स्टँड कलतो. मे महिन्याच्या दुपारी डांबरात स्टँडचे पाय चक्क रुततात. भरीव काँक्रीट असेल तर उत्तम.

जमीन शंभर टक्के पक्की नसेल तर प्रत्येक स्टँडखाली १८ मिमी जाडीच्या प्लायचा, स्टँडच्या पायापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं मोठा तुकडा ठेवा. मरीन प्लाय मिळाला तर चांगलं, पावसाळ्यात फुगत नाही. ट्रॉली जॅकखाली मात्र छोटा तुकडा चालत नाही. त्याचा हात गोलाकार फिरत वर जातो, त्यामुळे उचलताना जॅक स्वतःच्या चाकांवर थोडा सरकावाच लागतो. ती बारकी चाकं पेव्हरच्या फटीत अडकली तर जॅक जागेवर राहतो आणि वरचं तबक गाडी उचलायच्या पॉइंटवरून सरकतं. म्हणून जॅकला पुढेमागे सरकता येईल असा निदान चार फूट लांब प्लाय हवा.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. पुष्कळ इमारतींच्या पार्किंगखाली पाण्याची टाकी असते, कुठे सेप्टिक टँक असतो. झाकण दीड-दोन फुटांचं दिसतं, पण टाकी त्याच्या आजूबाजूला कितीतरी लांब पसरलेली असते. सोसायटीच्या सेक्रेटरींना किंवा जुन्या वॉचमनना विचारून तिची हद्द कळून घ्या आणि ती जागा सोडून काम करा. परवानगी तर लागतेच, ती त्याच भेटीत मागून टाका.

मग उतार. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून पोर्चला फाटकाकडे ढाळ दिलेला असतो. अडीच मीटर, म्हणजे साधारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात तीन सेंमीपेक्षा जास्त ढाळ असेल तर मी तिथे गाडी उचलत नाही. मोजायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते.

काम काय आहे, त्यावर साधन ठरतं

चाक काढायचं आहे का, एवढा एकच प्रश्न आधी विचारा. ऑइल आणि फिल्टर बदलणं, गिअरबॉक्सचं ऑइल, सायलेन्सरचे रबर, खालची प्लॅस्टिकची गार्ड, ड्राइव्हशाफ्टचं बूट फाटलंय का ते बघणं, या कामांत चाक जागेवरच असतं. याला रॅम्प बेस्ट. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते, शॉकअप आणि स्प्रिंग नेहमीच्या स्थितीत असतात, आणि पॉइंटवरून घसरण्याचा प्रश्नच नाही. ब्रेक पॅड, डिस्क, लोअर आर्म, शॉकअप, व्हील बेअरिंग, टायरची अदलाबदल यांत चाक काढावं लागतं. तिथे रॅम्पचा काही उपयोग नाही, जॅक आणि स्टँडच लागतात. क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्स खाली उतरवायचा असेल तर दोन पोस्टची लिफ्ट हवी. ते काम घरी, पाठीवर झोपून करू नये असं माझं ठाम मत आहे.

यावरून माझा क्रम असा: आधी चांगल्या स्टँडची एक जोडी, ट्रॉली जॅक आणि चार उट्या (चाक अडवायचे तिरपे ठोकळे). मग रॅम्प. पुढे गरज पडली तर स्टँडची दुसरी जोडी. लिफ्टचा विचार फक्त स्वतःची जागा, उंच छत आणि जाड काँक्रीट असणाऱ्यांनी करावा.

रॅम्प: बंपर आधी मोजा

दुकानात रॅम्प बघताना सगळे उंची आणि टन बघतात. घरी आणल्यावर अडतो तो बंपर. चाक चढावर टेकायच्या आतच बंपरची खालची कड रॅम्पवर आपटते.

हे घरबसल्या मोजता येतं. गाडी सपाट जागी उभी करा. पुढच्या चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने खूण करा. तिथून चाकाच्या रेषेत सरळ पुढे ५०, ६०, ७०, ८० सेंमीवर बंपरची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे ते लिहून काढा. चाकाच्या लगेच पुढे हवा वळवणारी रबराची किंवा प्लॅस्टिकची आडवी पट्टी लोंबत असते. ती बंपरपेक्षाही खाली असते, तीही मोजा. आता रॅम्पचं चढाचं टोक त्या खडूच्या खुणेवर आहे असं धरा. प्रत्येक अंतरावर रॅम्पची उंची तुमच्या आकड्यापेक्षा दोन-तीन बोटं तरी कमी भरायला हवी.

एक हिशोब करून बघू. समजा ७५ सेंमीवर तुमचा बंपर २० सेंमी उंच आहे. दुकानातल्या रॅम्पची उंची २२ सेंमी आणि नुसत्या चढाची लांबी ६० सेंमी. म्हणजे ७५ सेंमीवर रॅम्प पूर्ण २२ सेंमी उंच आहे, बंपर लागणारच. तेवढ्याच उंचीचा, पण चढ ११० सेंमी लांब असलेला रॅम्प घेतला तर त्याच जागी त्याची उंची १५ सेंमी भरते आणि पाच सेंमी मोकळे राहतात. आखूड रॅम्प घेऊन बसला असाल तर त्याच्या तोंडाशी ४ सेंमी जाड आणि निदान ४५ सेंमी लांब फळी मांडा. चाक आधी फळीवर चढतं, बंपरही तेवढाच वर जातो, आणि मग चढ सुरू होतो. सगळ्यात अवघड क्षण सुरुवातीचा असतो. चाक चढू लागलं की बंपर त्याच्याबरोबर वर जातो.

रुंदी टायरपेक्षा निदान चार-पाच सेंमी जास्त हवी. छोट्या गाड्यांचे टायर १४५ ते १८५ मिमी रुंद असतात, त्यांना २२५ मिमीचा रॅम्प पुरतो. एसयूव्हीला २१५ चे टायर असतील तर तो अरुंद पडेल. वरच्या टोकाला अडथळ्याची उभी कड आणि तिच्या आधी चाक बसेल असा खोलगट भाग असेल तरच रॅम्प घ्या. क्षमता जोडीची लिहिली आहे की एकाची, तेही वाचा.

प्लॅस्टिकचे रॅम्प हलके, गंजत नाहीत, पण वर्षानुवर्षं गच्चीवर उन्हात टाकले तर ठिसूळ होतात. दरवेळी चढवण्याआधी खालच्या फासळ्यांना तडा गेलाय का ते बोट फिरवून बघा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात, नाशकात सातपूर-अंबडला, पुण्यात भोसरीला लोखंडी अँगलचे रॅम्प हवे त्या मापाने बनवून मिळतात. आपल्या बंपरचे आकडे घेऊन गेलात तर हा सौदा चांगला ठरतो. मात्र वेल्डिंग नुसतं ठिपक्याठिपक्यांचं नको, सांधा पूर्ण लांबीने भरलेला हवा, आणि उभ्या पायांमध्ये तिरपे आधार हवेत. तिरप्या आधाराशिवायचा चौकोन बाजूच्या धक्क्याने पत्त्याच्या घरासारखा आडवा होतो.

लाकडाचा पर्यायही उत्तम आहे. वखारीतून बाभळीच्या किंवा साल वृक्षाच्या चार-पाच सेंमी जाडीच्या फळ्या घ्या, एकावर एक पायऱ्यांसारख्या रचा, स्क्रू मारून जोडा. जड होतात, पण भरीव असतात आणि गुळगुळीत टाइल्सवर लोखंडापेक्षा कमी सरकतात.

सरकण्याचं दुखणं पॉलिश केलेल्या फरशीवर हमखास भेटतं. चाक चढू बघतं आणि रॅम्पच पुढे पळतो. माझा उपाय जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या तुकड्याचा आहे, खडी क्रशरवाल्यांकडे किंवा भंगारात मिळतो. मीटरभर लांबीचा पट्टा रॅम्पच्या चढाच्या तोंडाशी बोल्टने पक्का केला की चाक आधी पट्ट्यावर येतं आणि गाडीचं वजनच रॅम्पला जागच्या जागी धरतं.

चढवताना एक माणूस बाहेर, बाजूला उभा हवा. गाडीच्या समोर कुणीही नको. स्टिअरिंग सरळ. दोन्ही रॅम्प चाकांना एकदम टेकलेले. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा सोडून एकाच संथ दमात चढायचं, मधे थांबून पुन्हा झटका द्यायचा नाही. चाक वरच्या खोलगटात बसलं की गाडी हलकीच ‘डुब’ करते, तिथे थांबा. एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप चालणाऱ्या) गाडीवाल्यांना विशेष सांगणं आहे. त्यात क्लच आपल्या पायात नसतो आणि इतक्या हळू चढताना गाडी झटका देऊ शकते, त्या झटक्यात चाक वरची कड ओलांडून जाण्याची भीती असते. एएमटीला मी रॅम्पऐवजी जॅक-स्टँडच सुचवतो. वर गेल्यावर हँडब्रेक, पहिला गिअर आणि मागच्या चाकांच्या मागे उट्या. किल्ली काढून स्वतःच्या खिशात.

ऑइल बदलणाऱ्यांसाठी एक जोड. पुढून २२ सेंमी उचलली की स्विफ्टच्या २४५० मिमी व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) गाडी पाच अंशांच्या आसपास मागे कलते. ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट ऑइल चेंबरच्या मागच्या अंगाला असेल तर ऑइल उलट जास्त चांगलं निथळतं. पुढच्या अंगाला असेल तर थोडं आत उरतं. डिपस्टिक मात्र गाडी खाली सपाट आल्यावरच बघायची.

जॅक आणि स्टँड

सिझर जॅक पंक्चरसाठी आहे, त्याचा पाया टीचभर असतो. बॉटल जॅक ताकदवान, पण उभाच इतका उंच असतो की छोट्या गाडीच्या सिलखाली (दाराखालच्या कडेखाली) मावत नाही. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्सच १६३ मिमी आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा यांना खाली शिडीसारखी चॅसी असते, तिथे बॉटल जॅक छान बसतो. बाकी सगळ्यांना ट्रॉली जॅक. तो कितीपासून किती उंचीपर्यंत जातो ते दोन्ही आकडे बघा: खालचा आकडा तुमच्या सिलपेक्षा कमी आणि वरचा आकडा स्टँडच्या उंचीपेक्षा निदान चार सेंमी जास्त हवा. गाडी उचलताना आधी शॉकअप लांब होतात, चाक लोंबत खाली येतं, त्यामुळे सिल हातभर वर जाईपर्यंत टायर जमीन सोडत नाही असं वाटू लागतं. ठेंगण्या जॅकवर लाकडाचे तुकडे रचून उंची गाठण्याचा मोह तिथेच होतो. तसं करू नका.

नवा जॅक आणला की एक परीक्षा घ्या. गाडीचा एक कोपरा थोडासा उचला, चाक काढू नका, खाली जाऊ नका. सिलची उंची पट्टीने मोजून लिहा आणि पाव तासाने पुन्हा मोजा. खाली आली असेल तर जॅकच्या आतलं सील गळतंय, जॅक परत करा. चांगला जॅकसुद्धा कधीतरी असा होतो, कारण सगळा भार एका रबरी सीलवर आणि तेलावर उभा असतो. म्हणून स्टँड.

स्टँड घेताना पाया जितका रुंद तितका चांगला. ९०० किलोच्या गाडीला ३ टनी स्टँड वजनाने चेपणार नाही. तो कलेल किंवा सरकेल, भीती त्याची आहे. दातेरी स्टँडमध्ये खटका दातात पूर्ण बसला पाहिजे. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानांच्या साखळीने पिट्सबर्ग नावाने विकलेले ३ आणि ६ टनी लाखो स्टँड परत मागवले. दात आणि खटका नीट गुंतत नव्हते, गाडी हलली तर स्टँड अचानक खाली बसण्याचा धोका होता. बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष निघाला. म्हणून मी दातेरी स्टँड घेतला तर आरपार जाणारी जादा पिन असलेलाच घेतो. नुसती जाड पिन आणि भोकं असलेला साधा स्टँड हळू चालतो, पण त्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही.

विटा, सिमेंटचे ब्लॉक, कोकणात जांभ्याचे चिरे: हे कधीच नको. दाबाखाली ते आधी चाहूल देत नाहीत, एकदम फुटतात. वखारीतले भरीव ठोकळे आडवे-उभे रचलेले मात्र चालतात.

आता पॉइंट. मोनोकॉक (वेगळी चॅसी नसलेल्या) गाड्यांत दाराखालच्या सिलला पत्र्याची उभी शिवण असते आणि त्यावर दोन खाचांमध्ये जॅकची जागा दाखवलेली असते. जॅकचं सपाट तबक थेट लावलं तर शिवण दुमडते, म्हणून मधे खाच असलेला रबरी पॅड लावा. इथे नेहमीची अडचण अशी: तो पॉइंट जॅकनेच अडवला, मग स्टँड कुठे लावू? मॅन्युअलमध्ये पुढच्या क्रॉसमेंबरचा किंवा सबफ्रेमचा (इंजिनाखालच्या भरीव आडव्या चौकटीचा) मधला पॉइंट दिला असेल तर तिथून जॅकने उचला, दोन्ही सिल स्टँडसाठी मोकळे राहतात. दिला नसेल तर जॅक सबफ्रेमच्या बोल्टजवळच्या भरीव भागाला लावा आणि स्टँड सिलच्या पॉइंटवर. ऑइल चेंबर, गिअरबॉक्सचं खोकं, मजल्याचा सपाट पत्रा यांना जॅक लावू नका. इलेक्ट्रिक गाडीत मजल्याखालचं बॅटरीचं आवरण म्हणजे पूर्ण निषिद्ध जागा, तिथे कंपनीने दाखवलेले पॉइंट सोडून कुठेच नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी उचलण्याआधी शिवण स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघावी. मालवण-वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंत खाऱ्या हवेत वर रंग शाबूत आणि आत गंज अशी सिल पुष्कळ दिसतात, आणि कुजलेल्या पत्र्यात स्टँड वर घुसतो.

गाडी उचलायची पद्धत

बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, आणि पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत गिअर पुढच्या चाकांना. म्हणजे पुढून उचलली तर हँडब्रेक गाडी धरतो, गिअरचा आधार जातो. मागून उचलली तर हँडब्रेक निकामी, गिअरवरच मदार. इको, बोलेरो यांत मागची चाकं ओढतात, म्हणून मागून उचलली की दोन्ही आधार एकदम जातात. त्यामुळे जमिनीवर उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी हवीच. रस्त्याकडेचा दगड उटी नव्हे. तिरप्या कापलेल्या लाकडाचा, टायरखाली घट्ट जाणारा ठोकळा हवा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा ढिले करा. वर घेतलेल्या गाडीवर पान्याला हिसके देणं म्हणजे स्वतःच ती ढकलणं. मग जॅक लावा, तबक पॉइंटला जेमतेम टेकू द्या, वाकून चारही बाजूंनी बघा आणि मगच पंप मारा. दर चार-पाच पंपांना थांबून जॅक उभा सरळ आहे ना, ते पुन्हा बघायचं. उंची आली की स्टँड आत सरकवा, दोन्ही बाजूंचे एकाच भोकावर. खाली घेताना जॅकचा व्हॉल्व्ह अगदी थोडा फिरवा. जास्त फिरवला तर गाडी धप्पकन बसते आणि स्टँड सरकतो. भार स्टँडवर गेला की खाली बसून बघा: चारही पाय जमिनीला टेकलेत का? एका पायाखाली कागद आरपार जात असेल तर पुन्हा उचला.

मग फेंडरला हात लावून गाडी जोरात हलवा. मनापासून हलवा. पडायची असेल तर ती आत्ता, तुम्ही बाहेर असताना पडू द्या. हलली नाही तर जॅक पॉइंटला हलकासा टेकवून ठेवा, आणि काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून द्या. काही बिनसलंच तर त्या चाकाच्या जाडीएवढी जागा तुमची असेल.

घरात कुणी तरी असताना, त्यांना सांगूनच खाली जा. फोन खिशात नको, हाताशी जमिनीवर ठेवा. आडवं पडून खिशात हात जात नाही. लहान मुलं अंगणात असतील तर काम उद्यावर टाका.

चारही चाकं वर हवी असतील तर आधी एक टोक पूर्ण दोन्ही स्टँडवर, मग दुसरं टोक. दुसरं टोक उचलताना आधीचे स्टँड थोडे कलतात, म्हणून प्रत्येक टप्प्यात दोन-तीन भोकांपेक्षा जास्त उंची घेऊ नका.

लिफ्ट आणि खड्डा

दोन पोस्टच्या लिफ्टखाली सरळ उभं राहून काम करता येतं, त्याची सर कशालाच नाही. पण हिशोब करा. तुमच्या डोक्यासाठी पावणेदोन मीटर, वर स्विफ्टची उंची दीड मीटरहून थोडी जास्त, म्हणजे सव्वातीन मीटरच्या पुढे. इनोव्हा क्रिस्टा १७९५ मिमी उंच आहे, तिला साडेतीन मीटरही कमी पडतात. इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये तुळईखाली एवढी उंची मिळत नाही. रुंदी तीन मीटरहून जास्त लागते, आणि पोस्ट अँकर बोल्टने जमिनीत धरलेले असतात. उभ्या गाडीचा सगळा कल त्या बोल्टांवर येतो, म्हणून काँक्रीट किती जाड आणि कुठल्या ग्रेडचं हवं ते लिफ्टच्या कागदपत्रांत बघून, जुन्या स्लॅबला एका कोपऱ्यात भोक पाडून जाडी मोजा. वरच्या मजल्याच्या किंवा पोडियमच्या स्लॅबमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही बोल्ट मारू नका. मोटर सिंगल फेजची की थ्री फेजची हेही खरेदीआधी विचारा. घरच्या साध्या कनेक्शनवर थ्री फेज मोटर चालत नाही.

लिफ्टमध्येही तोच नियम. तेल उचलतं, लॉक धरतं. वर जाताना लॉक खटखट वाजत जातात. हव्या उंचीवर गेल्यावर लिफ्ट किंचित खाली घ्या, दोन्ही बाजू लॉकवर बसू द्या, मग खाली जा. चार पोस्टच्या लिफ्टवर गाडी चाकांवर उभी असते, चाक काढायला वर आणखी एक जॅक लागतो. कमी छतासाठी गाडीला अर्धा मीटर उचलणाऱ्या, दोन सुट्या चौकटींच्या हलत्या लिफ्ट मिळतात. भिंतीला टेकवून ठेवता येतात, महाग आहेत, पण महिन्यातून दोनदा तरी गाडीखाली जाणाऱ्याला परवडतील. मुंबई-पुण्यातल्या इमारतींतली एकावर एक गाड्या ठेवणारी यांत्रिक पार्किंग मात्र दुरुस्तीसाठी नसते, तिच्या पाटाखाली काम करायला कधीही जाऊ नका.

एसटीच्या डेपोत असतो तसा खड्डा घरी बांधावा असं पुष्कळांना वाटतं. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड, ते खड्ड्यात साचतात. सीएनजी हलका असल्याने वर जातो. बांधलाच तर तळाला हवा खेळण्याची सोय, फक्त सीलबंद एलईडी दिवा, आणि वर जाड फळ्यांचं झाकण. छोट्या गाड्यांच्या दोन टायरमधलं मोकळं अंतर सव्वा मीटरच्या आसपास असतं, म्हणून रुंदी ७५-८० सेंमीच्या वर नको. भूजल वर असलेल्या भागात जुलैत तो विहीर होतो, हे आधी शेजारच्यांना विचारून घ्या.

काम झाल्यावर

खाली घेण्याआधी पाने, डबे, झाकणं मोजून बाहेर काढा. चाक लावून नट हाताने बसवा, गाडी टायरवर आली की चौकोनात तिरपे तिरपे आवळा, आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पाना फिरवा. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा. निघालेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका. धोकादायक कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं. रिकाम्या कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजवाल्यांकडे द्या, ते त्यांच्या साठ्यातून पुढे रिसायकलरकडे पाठवतात.

पावसाळ्याआधी स्टँडच्या दातांना आणि पिनेला ग्रीस लावून, जॅकचं तेल बघून, दोन्ही जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवतो. प्रत्येक स्टँडवर मी ऑइलपेंटने तपासल्याची तारीख लिहितो. वेल्डिंगजवळ गंजाची तपकिरी रेघ दिसली की तो स्टँड त्याच दिवशी भंगारात जातो, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.